गोजराक्काचं पाणी

आमच्या लोकांत कुणाकडे जेवायला जाणं म्हणजे यजमानीणबाईंशी झटापट असते. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात पडतो, आणि नको म्हणणाऱ्याला 'लाजू नका हो' म्हणत आणखी एक डाव बसतो. बेंगळूरला आमच्या बनशंकरीच्या गल्लीत याला एकच अपवाद होता, ती गोजराक्का. तिच्या पंगतीत 'साक' म्हटलं की साक. भरलेला डाव हवेत असला तरी तिथूनच मागे फिरायचा.

साक म्हणजे पुरे. मूळ कानडी 'साकु', पण आमच्या तोंडात राहून राहून त्याचा उकार झिजला. इतकी शतकं या मुलखात काढल्यावर आमच्या मराठीत असे पाहुणे एवढे झालेत की घरधनी कोण आणि पाहुणा कोण ते आता आम्हालाच सांगता येत नाही. पुण्याकडचे लोक ऐकून हसतात. हसोत बापडे.

मी एकदा तिला म्हटलं होतं, "अक्का, स्वल्प तरी आग्रह कर गं. लोक चिक्कू म्हणतील तुला."

"म्हणू दे की," ती म्हणाली. "ज्याचं पोट त्याला कळतंय. साक म्हटल्यावर पण वाढायचं म्हणजे त्याच्या शब्दाला काय किंमत राहिली, संयोगिता?"

अशी ती. दुसऱ्याचा शब्द पडू न देणारी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून डबे करून तिनं घर चालवलं आणि एकुलत्या एका अभिराजला मोठं केलं. डबेवाल्या बाईला लोक काय काय ऐकवतात, तिखट कमी, मीठ जास्त, पोळी जाड. ही सगळं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तसंच करून द्यायची. मी तिच्या जागी असते तर डबा डोक्यात घातला असता.

तिच्या घरात 'साक' न म्हणणारा एकच माणूस होता, तिचा मुलगा. अभिराज ताट पुढे सरकवत राहायचा आणि म्हणायचा, "हाक गं आई, आणखी हाक." शेवटी पातेलं खरवडल्याचा आवाज आला की मगच उठायचा. अंगानं मात्र काडी. जेवण कुठं जायचं देव जाणे.

आता 'हाक'ची गंमत सांगायला हवी. माझ्या वरच्या खोलीत ऋचा नावाची मुलगी भाड्यानं राहते. पुण्याची, इथं एका कंपनीत नोकरीला. नवीन आली तेव्हा मी तिला गोजराक्काकडे जेवायला नेलं. ही उत्साहानं स्वयंपाकघरात मदतीला घुसली. गोजराक्का पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ऋचा, त्या सारात स्वल्प मीठ हाक गं."

ऋचा बरणी हातात घेऊन उभी. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मिठाला हाक मारू? काय म्हणून?"

अभिराज हसून हसून जमिनीवर बसला. मग त्यानंच तिची शिकवणी घेतली. "हाक म्हणजे घाल. मीठ हाक, नीर हाक, कपडे वाळत हाक, गाडी आत हाक. एवढा एक शब्द आला की बेंगळूरमध्ये तुमचं काही अडत नाही." तेव्हापासून ऋचा ऊठसूट तो शब्द वापरायची. ऑफिसला मेल हाकायची, फ्रीजमध्ये दूध हाकायची. मुलगी गुणाची. एखादी गोष्ट शिकली की विसरत नाही.

अभिराजचा धंदा जुन्या लॅपटॉपचा. कंपन्या वापरून टाकतात ते यशवंतपूरच्या एका गोदामातून आणायचे, दोनाचा एक करायचा आणि कॉलेजच्या पोरांना विकायचा. घराची पुढची खोली त्यानं त्यासाठी घेतली होती. हात चांगला होता, पण पसारा आवरायचा कंटाळा. लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटऱ्या एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पडलेल्या असत. त्या गोळा करणाऱ्या लोकांकडे द्यायच्या असतात, हे त्याला माहीत होतं. "देतो की उद्या," म्हणायचा. त्याचा उद्या फार लांबचा असे.

कधी एखादी बॅटरी फुगायची. गोजराक्काला त्याचं नवल वाटे. तिच्या आयुष्यात फुगणारी प्रत्येक वस्तू चांगलीच होती. पुरी फुगली तर चांगली, भाकरी फुगली तर चांगली, इडलीचं पीठ फुगलं तर उत्तम. "आई, ही फुगली की वाईट," अभिराज तिला बजावायचा. "हिला हात लावायचा नाही." आईनं कधी लावला नाही. सांगितलेलं ऐकायची, म्हटलं ना.

त्या दिवशी आमच्या गल्लीत कावेरीचं पाणी आलं होतं. उन्हाळा चालू, पुन्हा पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून तिनं घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली होती. दोन पिंपं, बादल्या, कळश्या, पातेलीसुद्धा. दुपारी ती डब्याचा तांदूळ धूत होती आणि पुढच्या खोलीत अभिराज जुन्या बॅटऱ्यांत जीव आहे का ते एकेक चार्जिंगला लावून पाहत होता.

पुढचं मला तिनंच सांगितलं, आणि एकदा नाही, कितीतरी वेळा सांगितलं, म्हणून मला ते पाहिल्यासारखं ठाऊक आहे. आधी सापानं फुत्कार टाकावा तसा आवाज आला, मग पांढरा धूर, मग भडका. ती धावत गेली तेव्हा अभिराजनं मेन स्विच पाडला होता आणि तोंडावर टॉवेल धरून तो ती पेटलेली बॅटरी काठीनं क्रेटपासून लांब ढकलत होता. तिनं बादली उचलली आणि ओतली. जाळ खाली बसला. ती दुसरी बादली घेऊन दारात आली तेवढ्यात आतून अभिराज ओरडला, "साक! आई, साक!"

तिनं बादली खाली ठेवली.

बसलेला जाळ पुन्हा उठला. क्रेटमधल्या बॅटऱ्या एकीवरून दुसरीवर पेटत गेल्या. तो क्रेट बाहेर ओढायला बघत होता. धुरात त्याला दार सापडलं नाही. गल्लीतल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली होती. आठवडाभर तो काचेच्या पलीकडे होता, एक शब्द बोलला नाही, आणि गेला. आग लागली त्या संध्याकाळी मी बँकेतून परत आले तेव्हा गल्लीत बंबाचं काळं पाणी होतं, आणि तिच्या मोरीत, ओट्याखाली, दारात भरलेल्या बादल्या तशाच उभ्या होत्या.

भेटायला लोक आले. भेटायला येणाऱ्या लोकांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. दुःखाच्या घरी गप्प बसायला जागा असते, पण ती कुणालाच पुरत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला भगवंतराव राहतात, कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं असा त्यांचा समज आहे, आणि तो आम्हीच वाढवलाय. गोजराक्कानं सगळी हकीगत सांगितली तेव्हा अण्णा म्हणाले, "लिथियमवर पाणी? अगं गोजरा, ते म्हणजे आगीत तेल! म्हणूनच पोरगं साक म्हणून ओरडलं. त्याला माहीत होतं."

मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. पण अण्णांनी खिशातून फोन काढला आणि कंपनीनंच छापलेला कागद म्हणून इंग्रजीत वाचून दाखवला. पाणी घालू नका. पाण्यानं आग वाढते. पुन्हा मराठीतही सांगितलं, कुणाचं राहायला नको म्हणून.

गोजराक्का नुसती आपल्या हातांकडे बघत बसली.

त्या दिवसापासून तिनं कुणाला पाणी देणं सोडलं. आमच्यात उंबऱ्यात आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात, मग काय हवं नको ते विचारतात. ती माठाकडे बोट दाखवायची. "घ्या तुमच्या हातानं." डबे बंद केले. तुळशीला पाणी घालायला मला बोलवायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, हे काय आरंभलंयस?"

"माझ्या हातच्या पाण्यानं पोर गेलं," ती म्हणाली. "तो साक म्हणेपर्यंत एक बादली पडली होती ना. त्याच एका बादलीनं केलं सगळं."

मला लिथियम म्हणजे काय ते माहीत नाही. नुसतं रडू आलं. घरी येऊन अण्णांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. तेवढ्यानं कुणाचं बरं होत नाही.

मग एका रविवारी ऋचा जेवायला खाली आली असताना मी तिच्यापुढे मन मोकळं केलं. ती जेवता जेवता थांबली. "काकू, असं कसं? आमच्याकडे उलट सांगतात." तिच्या कंपनीतले लोक घरून काम करतात, त्यांना लॅपटॉप पाठवायचे आणि जुने परत मागवायचे हे तिचं काम. बॅटरी असलेला खोका पाठवायचा तर कुरियरवाले सोबत एक कागद मागतात. त्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. बॅटरीत काय आहे, ती कशी ठेवावी, अंगाला लागली तर काय करावं, पेटली तर काय करावं, सगळं त्यात क्रमानं लिहिलेलं असतं. आगीचा भाग पाचवा.

"पण प्रत्येक बॅटरीचं शीट वेगळं," ती म्हणाली. "कुठलंतरी उचलून चालत नाही. अभिराजनं गोदामातून आणलेल्या त्या लॉटमधलं काही उरलंय का?"

उरलं होतं. त्याच लॉटमधला एक लॅपटॉप अभिराजनं आईला भजनं ऐकायला दिला होता आणि तो तिच्या कपाटात साड्यांखाली होता. ऋचानं तो वर नेला, तळाचे स्क्रू काढले आणि बॅटरीवरचा बारीक अक्षरांतला नंबर टिपून घेतला. लॅपटॉपवर नाव एका कंपनीचं, पण बॅटरी बनवणारी कंपनी दुसरीच निघाली. लॅपटॉपवाल्यांच्या साइटवर ते शीट नव्हतं. मग तिनं बॅटरीवाल्यांना मेल टाकला. उत्तर नाही. पुन्हा टाकला. मी रोज संध्याकाळी जिन्यात तिची वाट बघत उभी राहायचे आणि ती वरून मान हलवायची.

एक दिवस ती जिना धडाधड उतरत आली. "काकू, आलं! पाणी बरोबर होतं!"

मला इतका आनंद झाला की मी तिथंच पायरीवर बसले. मग मला सुचलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. मी अण्णांना निरोप धाडला, गोजराक्काकडे या, आणि येताना तो फोनमधला कागद आणा.

दुपारची वेळ. गोजराक्का दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. पुढच्या खोलीची भिंत अजून काळीच होती, तिनं रंग देऊ दिला नव्हता. ऋचानं आधी अण्णांचा फोन हातात घेतला आणि बघताक्षणी म्हणाली, "अण्णा, हे वेगळ्या बॅटरीचं आहे. लॅपटॉपच्या आत घड्याळ चालू ठेवायला एक बटणाएवढा सेल असतो ना, त्याचं. त्यात लिथियम धातू असतो, त्याच्यावर पाणी चालत नाही. मोठी बॅटरी लिथियम-आयन. नाव सारखं वाटतं, पण आगीत दोघींचं वागणं वेगळं."

अण्णा चष्मा वर करून फोनकडे बघत राहिले. त्यांना हरलेलं बघायला मी मुद्दाम बोलावलं होतं, पण त्यांचा चेहरा इतका उतरला की मला मजा वाटेना. ते उठून गोजराक्कापुढे गेले. "चुकलो गं गोजरा," म्हणाले. "लिथियम एवढंच वाचलं मी. उगाच बोललो." माणूस तसा वाईट नाही.

"मग काय लिहिलंय खऱ्या कागदात?" गोजराक्कानं विचारलं. किती महिन्यांनी तिच्या आवाजात काहीतरी हललं.

ऋचा वाचून सावकाश मराठीत सांगू लागली. धुरात थांबू नये. जमेल तर वीज बंद करावी. आणि पाणी. "भरपूर पाणी, अक्का. नुसता जाळ विझवायला नाही, गार करायला. एक बॅटरी पेटली की शेजारच्या तापतात, त्या पेटू नयेत म्हणून. जाळ दिसेनासा झाला तरी थांबायचं नाही, पूर्ण गार होईपर्यंत पाणी घालत राहायचं. तुम्ही घातलंत ते बरोबर होतं. तुमच्या पाण्यानं काही झालं नाही."

"ऐकलंस ना?" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "तू काही केलं नाहीस अक्का. सुटलीस."

गोजराक्का माझ्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष ऋचाच्या हातातल्या कागदाकडे होतं.

"पुन्हा सांग ते. घालत राहा म्हणजे?"

ऋचाला वाटलं, हिला आपलं पुणेरी मराठी कळलं नाही. ती वाकून, प्रेमानं, तिच्याच बोलीत म्हणाली, "हाक, अक्का. नीर हाक. हाकतच राहा."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो, म्हणून तिला कधी कळलं ते मी पाहिलं. तिचे ओठ हलले. आवाज न करता तिनं एक शब्द म्हणून पाहिला, मग दुसरा.

"तो साक म्हणाला नाही," ती म्हणाली. "तो हाक म्हणत होता."

ऋचाच्या हातातला कागद खाली पडला.

मी पटकन तिच्याजवळ बसले. "अगं काहीतरीच काय! साकच म्हणाला असेल. तू आत येऊ नयेस, धुरात सापडू नयेस म्हणून म्हणाला असेल. तोंडावर टॉवेल होता, ते फुटण्याचे आवाज, कुणाला कळणार साक का हाक?"

"मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "जन्मात तो मला कधी साक म्हणाला नव्हता, संयोगिता. जेवतानासुद्धा नाही."

खरंच तो कधी म्हणाला नव्हता, आणि हे मला, ऋचाला, त्या घरी जेवलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"घर भरून पाणी होतं गं," ती म्हणाली. "सगळी भांडी भरलेली होती. मी भरलेली बादली हातात घेऊन उभी होते."

मग ती रडली. अभिराजला नेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा ती दगडासारखी बसली होती आणि बायका म्हणत होत्या, हिला रडवा कुणीतरी. आता अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि ऋचा तिच्या पायाशी बसून "सॉरी अक्का, सॉरी" एवढंच म्हणत होती. गोजराक्कानं रडता रडता तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं बाळ. खरं तेच सांगितलंस."

मला त्या कागदाचा राग येतो. खरं तर रागावण्यासारखं त्यात काही नाही, प्रत्येक दुकानात तो भिंतीवर लावलेला असावा. अभिराजनं तो आधी वाचला असता तर क्रेट भरेपर्यंत बॅटऱ्या साठवल्याच नसत्या. वेळेवर आलेला असा कागद एखाद्याचा जीव वाचवतो. उशिरा आला, तर एक गुन्हा माफ करून दुसरा पदरात घालतो.

त्यानंतर तिनं पुन्हा पाणी द्यायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, चला, सावरली. दारात कुणी आलं की तांब्या पुढे येऊ लागला. तुळशीला स्वतः पाणी घालू लागली. फक्त घालताना ती थांबायची नाही. वृंदावन भरून पाणी अंगणात यायचं.

मग अभिराजचं वर्षश्राद्ध आलं. गल्लीतले आणि नात्यातले मिळून पंगत बसली. गोजराक्कानं स्वयंपाक स्वतः केला आणि वाढायलाही कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या पानाशी आली. भातावर सार वाढलं. मी सवयीनं म्हटलं, "साक."

सार पडतच राहिलं.

"साक, अक्का. साक गं."

भात बुडाला, सार पानाच्या कडेवरून ओघळलं, फरशीवरून माझ्या शेजारी बसलेल्या ऋचाच्या पानाखाली गेलं. गोजराक्काचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पानाकडेही नव्हतं. ती कान देऊन उभी होती आणि तिचा हात वाढत होता. समोरच्या रांगेत अण्णांनी घास हातात धरून मान खाली घातली.

त्या पंगतीत पुन्हा कुणीही साक म्हणालं नाही.